डब्यात न भरलेली हाक

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते. राग मानू नका, पण निम्म्यांना मी हसते. म्हणे गाडी पिंपळाखाली आपोआप बंद पडली... अहो, आधी पेट्रोल बघा की!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, भानामती – आमच्या मराठवाड्यात या मालाला कधी तोटा नव्हता, आणि मला त्याचा पहिल्यापासून कंटाळा. दरवर्षी मी पोरांना मंत्र म्हणून होम पेटवून दाखवते. वरून 'तूप' सोडायचं, भडका उडतो, पोरं किंचाळतात... मग सांगायचं की बाळांनो, हे तूप नाही, ग्लिसरीन आहे, आणि खाली पोटॅशियम परमँगनेट ठेवलंय. अशी मी बाई. उताऱ्याचं लिंबू दिसलं तर घरी आणून सरबत करणारी.

म्हणून हे लिहायला हात वळत नव्हता. पण घडलं ते घडलं. तिघांनी ऐकलं, आणि त्यातली एक मी आहे.

आम्ही मुखेडला राहतो, एसटी स्टँडपासून जवळच. पुढे यांचं कापडाचं दुकान, मागे घर. लेक लग्न होऊन निलंग्याला गेली, तेव्हापासून घरात दोघंच. 'यांचं' म्हणजे माझ्या मिस्टरांचं. नाव नाही सांगत. फॉर्मवर लिहिते, सहीत लिहिते – तिथं ते माझ्याच नावाचा मधला तुकडा असतं. पण नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्यात पद्धत नाही, आणि विज्ञान शिकवत असले तरी ही एक गोष्ट माझ्याच्यानं कधी झाली नाही. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, तोही 'राव' लावून. बाकी सगळा संसार 'अहो'वर झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं असं की शाळेला इलेक्ट्रॉनिक्सचं एक किट आलं. आलं आणि कपाटात गेलं. शाळेला काही नवीन आलं की आमचं पहिलं काम म्हणजे त्याला कुलूप लावणे. मोडलं तर भरून कोण देणार? साहेब तपासणीला आले की बाहेर काढायचं, फडक्यानं पुसायचं, परत आत. मी हेडमास्तरांना म्हटलं, सर, पोरांना शिकवायचं कधी? ते म्हणाले, "बाई, आधी तुम्हाला तरी येतंय का?"

झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. त्याच आठवड्यात मी स्वतः एक छोटा बोर्ड मागवला, काड्यापेटीएवढा, सोबत चिमूटभर दिवे आणि वायरी. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, बघायचं, थांबवायचं, करून बघायचं. पन्नाशीला आलेली बाई स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून बसली. पहिला धडा – एक लाल दिवा लावणे आणि विझवणे. बस. कोडमध्ये एक अर्धविराम टाकायचा राहिला म्हणून अख्खी संध्याकाळ गेली आणि आमटी करपली ती वेगळीच. पण तो दिवा लागला ना... मी लिहिलेलं वाचून त्यानं डोळा उघडला, मिटला, परत उघडला. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

हे दुकानातून डोकावले. "काय करून राहिलीस गं?"

"दिवा लागला!"

"मग? लाईट हायच की आपल्याकडं."

असा माणूस. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, लिंगपूजा, मग दुकान, आणि दिवसभर माझी थट्टा. पुढे मी टाकीची घंटी केली. नळाला पाणी आलं की आमची गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि शेजारणीची बोलणी खावी लागायची. म्हणून टाकीच्या तोंडाशी दोन उघड्या वायरी ठेवल्या, पाणी टेकलं की घरात भोंगा. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा हे आंघोळीला बसले होते. डोक्याला साबण, कमरेला टॉवेल, तसेच गच्चीवर पळाले. टाकी कोरडी ठणठणीत! मीच धुतलेली ओली साडी त्या वायरींवर वाळत घातली होती.

"इंजिनियर बाई," हे साबणाचे डोळे मिचकावत म्हणाले, "टाकी न्हाई, तुमची साडी भरलीय." त्या दिवसापासून घरात माझं नाव इंजिनियर बाई.

आवाज बसला तो त्याच वर्षी.

मास्तरणीचा घसा, बसायचाच, म्हणून हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. उतार पडेना. शेवटी लातूरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळी घालून पाहिलं. गाठ आहे म्हणाले, काढावी लागेल. गाठ साधी आहे, पण जागा वाईट आहे. आवाज राहील का, असं विचारलं तर म्हणाले, "सांगता येत नाही. नाही राहणार, असं धरून चाला."

येताना एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले होते. शिरूर ताजबंद गेलं, अहमदपूर गेलं, मान वळली नाही. एरवी कंडक्टरच्या पोराबाळांची चौकशी करणारा माणूस! मला रडू येत नव्हतं, राग येत होता. कोणाचा ते कळत नव्हतं. बाई म्हणजे आवाज हो! फळ्यावर काय, कोणीही लिहील. पण शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराला नावानं हाक मारली की ते ताठ बसतं... ते कशानं करायचं आता?

मुखेडच्या स्टँडवर उतरले आणि डोक्यात लख्ख झालं. आवाज जाणार आहे ना? मग जायच्या आधी भरून ठेवायचा. लोणच्यासारखा.

लेकीचा शाळेतला प्लॅस्टिकचा टिफिन घेतला. आत बोर्ड, मेमरी कार्ड बसणारं एक छोटं सर्किट, स्पीकर आणि चार्जिंगचा सेल. झाकणाला भोकं पाडून बटणं बसवली. बटण दाबलं की त्या नंबरचं रेकॉर्डिंग वाजणार. सांगायला सोपं आहे. करताना बोट भाजलं, सेल उलटा जोडून एक सर्किट जाळलं, आणि एकदा तर कुठलंही बटण दाबलं तरी एकच आवाज यायला लागला. पण ऑपरेशनच्या आधी डबा उभा राहिला.

आता रेकॉर्डिंगला शांत जागा पाहिजे. आमच्या घरात स्टँडचे हॉर्न. हे म्हणाले, "गोदामात बस." दुकानामागच्या त्या खोलीत कापडाचे तागे छतापर्यंत लावलेले असतात. तिथं आवाज घुमत नाही, कापड सगळा पिऊन टाकतं. त्या ताग्यांच्या मधे, कोऱ्या कापडाच्या वासात बसून मी मोबाईलसमोर बोलत राहिले. "पाटी काढा." "शाब्बास रे वाघा." "गप बसा रे." "थांबा, रांगेत या." मग वर्गातल्या एकेका पोराचं नाव. बाहेर रणरणती दुपार, आत अर्धा अंधार... आणि मी माझाच आवाज थोडा थोडा काढून बाजूला ठेवत होते. एकेक शब्द बोलला की घसा तेवढा रिकामा झाल्यासारखा वाटायचा. भीती नव्हती वाटत. झोपेत आपण आपल्याला लांबून बघतो ना, तसं काहीतरी.

शेवटच्या दिवशी हे गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले. उगाच एक तागा काढला, परत ठेवला.

"शाळंचं समदं भरलीस?"

"भरलं."

"अन् घरचं?"

"घरचं काय भरायचं?"

हे ताग्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे... ते... अहो-बिहो."

मला हसूच फुटलं. म्हटलं, काहीतरीच तुमचं! घरात काय टिफिन घेऊन फिरू तुमच्या मागं? पण चेहरा बघितला आणि मोबाईल उचलला. रेकॉर्डिंग सुरू केलं. आणि बघा, जो शब्द दिवसातून शंभरदा तोंडात असतो तो काही केल्या निघेना. हे समोर तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखे हात बांधून उभे. मी "अ" म्हटलं की हसू. परत "अ", परत हसू. शेवटी पोट धरून हसले, हेही हसायला लागले, आणि तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. उद्या सकाळी भरू म्हटलं. सकाळी लातूरची गाडी धरायची गडबड. राहिलं ते राहिलंच.

त्या बटणावर तेवढंच आहे. माझं हसू.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज गेला. कुजबुज म्हणावी तर तीही नाही, नुसती हवा.

शाळेत डब्याचं कौतुक झालं. पोरं मुद्दाम दंगा करायची, कशासाठी तर बाईंनी "गप बसा रे"चं बटण दाबावं म्हणून. हेडमास्तर स्वतः ऐकायला येऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी कपाटातलं किट बाहेर निघालं. ती लढाई मी मुक्यानं जिंकली म्हणायची.

घरात मात्र डबा कामाचा नव्हता. हाक मारायची तर मी टाळी वाजवायचे. "टाळ्या वाजवून बोलावती, मी काय कबुतर हाय का?" हे म्हणायचे, पण पहिल्यासारखं हसू नसायचं त्यात. थट्टा करणाऱ्याला समोरून दोन शब्द परत यावे लागतात हो. नुसत्या मानेला कोण किती दिवस चिडवील? आमच्या घरात हळूहळू दुपार लांबत गेली. दोघं ताटावर बसायचो आणि भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज ऐकू यायचा.

एकदा मी बाजारातून आले. मागच्या दारानं आत शिरते तर गोदामातून एका बाईच्या हसण्याचा आवाज. मी जागीच उभी. मोकळं, पोट धरून हसणं... क्षणभर कळलंच नाही कोण ते. मग कळलं. मीच होते ती. हे ताग्यांच्या मधे बसून ते बटण दाबत होते. संपलं की परत दाबायचे.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले आणि ओट्याशी येऊन रडले. रडण्यालाही आवाज नव्हता, ते एक बरं होतं.

श्रावणात हे म्हणाले, "सहस्रकुंडाला जाऊन येऊ. नवस हाय."

मी बोलायला पाटी वापरते. पाटीवर लिहिलं – कसला?

"ऑपरेशनच्या टायमाला बोललो होतो महादेवाला. तुझ्या आवाजाचा."

मी लिहिलं – मग आला का आवाज? फेडायचं काय?

"फेडायला न्हाई गं. आठवण करून द्यायला जायचं. ईसरला आसंल त्यो."

नवसावर माझा विश्वास नाही, पण या माणसाच्या तोंडावर लई दिवसांनी थट्टा दिसली होती. एका रविवारी दुकान बंद ठेवून निघालो. मुखेडहून नांदेड, नांदेडहून इस्लापूर, पुढे जीपनं. पिशवीत बेलाची पानं, पाण्याला तांब्या, माझी पाटी, आणि सवयीनं माझा डबा. ज्यांनी सहस्रकुंड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते – पैनगंगा तिथं काळ्या खडकांवरून धारा-धारांनी खाली पडते. पाऊस चांगला झाला होता. पाण्याचा धूर वरपर्यंत येत होता, केस, भुवया, चष्मा, सगळं ओलं. आणि आवाज असा की बाकीचं जग कोणीतरी बंद केल्यासारखं वाटावं.

मी खडकावर बसून माणसं बघत राहिले. एक बाई आपल्या पोराला काहीतरी सांगत होती, पोरगं हात कानाला लावून "काय?" करत होतं. दोन म्हातारे समोरासमोर उभे राहून ओरडत होते, तोंडं हलत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. मला गंमत वाटली. इथं सगळेच माझ्यासारखे! ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी कोणापेक्षा उणी नव्हते. त्या धुरात ऊन पडलं होतं, सगळं पांढरं पांढरं दिसत होतं, आणि मी त्या घोंघावण्यात पेंगल्यासारखी, सुखानं बसले होते.

हे तांब्या घेऊन खाली उतरले. पिंडीवर घालायला नदीचंच पाणी पाहिजे म्हणे. मी वरून बघत होते. वाकून तांब्या भरला, उभे राहिले, माझ्याकडे वळून तांब्या वर करून दाखवला – भरला बघ! आणि तसेच माझ्याकडे बघत, हसत, एक पाऊल मागे घेतलं.

मागे खडक हिरवा होता. शेवाळ. त्यावरून पातळ पाणी सरकत होतं आणि हातभर पलीकडे खडकच संपत होता. मला वरून स्पष्ट दिसत होतं. यांची पाठ होती.

मी तोंड उघडलं. हवा.

डबा मांडीवर होता. "थांबा, रांगेत या"चं बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. सगळी बटणं दाबली, पंजानं दाबली. डबा गप्प. यांनी दुसरं पाऊल उचललं.

आणि हाक ऐकू आली.

यांचं नाव. नुसतं नाव, 'राव' नाही, 'अहो' नाही. माझ्या आवाजात. गाठीच्या आधीचा, मोकळा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. त्या एवढ्या घोंघावण्यातून असा स्वच्छ आला, जसं काही आम्ही कापडाच्या गोदामात बसलो होतो आणि बाहेर नदी वगैरे काही नव्हतीच.

हे एक पाय उचललेला तसेच थांबले. मला त्यांचं तोंड दिसलं. ओठ गोल झाले – "ओ!" हातातला तांब्या सुटला, शेवाळावर पडला, गोल फिरत सरकत गेला आणि कडेवरून खाली दिसेनासा झाला.

मी कशी खाली उतरले आठवत नाही. हेच चार पावलं वर आले असावेत. आम्ही दोघं एका खडकाशी भेटलो, यांचे हात थंडगार होते. मग यांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "तू... नाव घेतलीस माझं?"

मी मान हलवली. नाही.

मी बसले होते तिथंच मागे एक आजी कणसं भाजत होती. आम्ही वर आलो तर तिनं विस्तवावरचा पंखा थांबवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून कानाशी ओरडली, "मालकाचं नाव घेऊन वरडलात की वो बाई! आमच्यात न्हाई घेत." मग यांच्याकडे बघून म्हणाली, "पर बरं केलंत. कवाकवा घ्यावं." आणि तिनं ते नाव परत उच्चारून दाखवलं. बरोबर तेच. त्या आजीला यांचं नाव कुठून ठाऊक?

डबा मी इस्लापूरच्या स्टँडवर उघडला. स्पीकरची लाल वायर सुटून लोंबत होती. माझाच सोल्डर कच्चा, सकाळपासूनच्या धक्क्यांत निघाला असणार. म्हणजे बटणं दाबली तेव्हा आवाज आला नाही, हे बरोबरच. पण मग त्या डब्यातून कुठलाच आवाज येणं शक्य नव्हतं. हाकेच्या वेळी डबा माझ्या हाताखाली थरथरला, का माझा हातच थरथरत होता – हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

परतीच्या एसटीत अंधारायला लागलं होतं. हे म्हणाले, "चूक माझीच झाली."

मी बघितलं.

"नवस बोलताना... म्हणलो, देवा, यकदा तरी तिची हाक ऐकू दे." एक बोट वर केलं. "यकदा म्हणलो मी."

अस्सा राग आला मला! पाटी काढली आणि खडू मोडेपर्यंत लिहिलं – एकदाच का? मागायला काय पैसे पडत होते?

हे ओशाळून म्हणाले, "आगं, दुकानदार माणूस मी. लई मागितलं तर गिऱ्हाईक उठून जातं, ही सवय... देवाशी बी तसंच बोलून बसलो."

आम्ही दोघंही हसायला लागलो. हे आवाज काढून, मी बिनआवाजाची. हसता हसता यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

आता माझी बाजू ऐका, कारण तुम्ही विचारणारच. मेमरी कार्डावरचं एकूण एक रेकॉर्डिंग मी ऐकलं. पोरांची नावं, पाटी काढा, शाब्बास, हसू. यांचं नाव कुठेही नाही, असणार कसं? उखाण्याचं म्हणाल तर तिथं 'राव' होतं, आणि नाव घेणाऱ्या नव्या नवरीचा तो चोरटा आवाज कुठं आणि ही हाक कुठं. मग वाटलं, घशातूनच निघाली असेल. जीव जायची वेळ आली की माणूस काहीही करतं. लातूरच्या डॉक्टरांनी परत नळी घालून पाहिलं, म्हणाले, "बाई, तिथून हवा जाते. हाक मारायला तिथं काही उरलेलंच नाही." घसा त्या दिवशी दुखलाही नव्हता. यांना विचारलं, कुठून ऐकू आली? तर म्हणतात, अगदी कानाजवळून. आजी म्हणाली होती, तुमच्याकडून. आणि मला विचाराल तर... मला ती आतून-बाहेरून, दोन्हीकडून ऐकू आली.

पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनसारखं काहीतरी याच्याही खाली ठेवलेलं असेल. मला ते सापडलेलं नाही. सापडलं तर इथंच येऊन लिहीन, आणि कोणाला आत्ताच ठाऊक असेल तर सांगा, चिडणार नाही. लाल वायर परत पक्की बसवलीय, डबा रोज शाळेत येतो. हसण्याचं बटण तेवढं मी हलवून गोदामातल्या वेगळ्या डब्यात बसवून दिलंय, म्हणजे यांना माझ्या पिशवीत चोरून हात घालायला नको.

आत्ता दुपार आहे. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेय, हे पुढे दुकानात, मधे दोन खोल्या आणि गोदाम. एवढं सगळं सांगितलं आणि नाव तेवढं लपवलं, हे काही बरं दिसत नाही. ती कणसंवाली आजी म्हणालीच होती, कधीमधी घ्यावं. तर सहीतला तुकडा म्हणून नाही, हाक म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा टाईप करते. हसू नका.

मल्लिनाथ!

...

आत्ता, या घडीला दुकानातून आवाज आला.

"ओ! काय गं?"